नोलीनची करवत

नवऱ्याची, क्लेमची, विजेवरची जुनी करवत जळाली त्या दिवशी नोलीनला खरं तर सुटल्यासारखं वाटलं होतं. हे तिने मला बऱ्याच दिवसांनी सांगितलं, कपडे वाळत घालता घालता, तोंडात चिमटा धरून. अल्व्हरस्टन या समुद्राकाठच्या गावात आमची घरं शेजारी शेजारी. मध्ये कमरेएवढं लाकडी कुंपण, तेही क्लेमनेच घातलेलं. नोलीन पर्टनचं बरंचसं आयुष्य मला त्या कुंपणावरूनच कळत गेलं.

क्लेम सुतार. गावातल्या निम्म्या घरांची स्वयंपाकघरं त्याच्या हातची. काम सोडल्यावर त्याने घरामागच्या शेडमध्ये आपलं दुकान मांडलं. दुकान म्हणजे विकायचं काही नाही, खुर्च्या दुरुस्त करायच्या, कुणाच्या नातीला पाळणा करून द्यायचा, असं. मधोमध ती करवत. मोठं लोखंडी टेबल, त्यातून वर आलेलं गोल पातं. पात्यावरचं झाकण त्याने आणल्या दिवशीच काढून टाकलं होतं, अडथळा होतो म्हणून. दिवसभर तिचा आवाज यायचा. आधी गुणगुण, मग लाकूड लागलं की चढता सूर, मग परत गुणगुण. आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती की तो थांबला तरच लक्ष जायचं.

मग त्याला पार्किन्सन झाला. आधी उजवा हात थरथरायला लागला, मग चालता चालता पाय जमिनीला चिकटल्यासारखे व्हायला लागले, खास करून दारात. उंबऱ्यापाशी तो नुसता उभा राहायचा. नोलीन मागून म्हणायची, "क्लेम, मोठं पाऊल. काठी पडलीय समोर असं समज, ओलांड." मग तो ओलांडायचा. दिवसातून कितीदा तरी.

नोलीनने सगळी उमर बटाट्याच्या कारखान्यात काढली. पट्ट्यावरून कापलेल्या फोडी जायच्या, त्यातल्या काळ्या डागाच्या वेचून काढायच्या. उभं राहून राहून तिचे गुडघे गेले होते. काम सोडलं ते विश्रांतीसाठी नाही, क्लेमला एकटं ठेवता येईना म्हणून. गोळ्या वेळेवर, अंघोळ, बटणं, जेवताना सुरी. रात्री तो कूस बदलायला हाक मारायचा. ती कधी कुरकुरली नाही, पण बोलता बोलता वाक्य अर्ध्यात सोडून द्यायची सवय तिला तेव्हाच लागली. पुढचं बोलायला जीव नसायचा.

करवतीची मोटर जळाली तेव्हा शेडमधून धूर आला. सुदैवाने क्लेम तेव्हा नुसताच तिच्यापुढे उभा होता. पश्चिमेकडे खाणीत काम करणाऱ्या त्यांच्या मुलाने, डीनने, फोनवर ऐकलं आणि म्हणाला, "बरं झालं एकदाचं. आई, आता शेडला कुलूप लाव आणि किल्ली दे फेकून."

डॉक्टरही तेच म्हणाले. घरात आधाराचे दांडे कुठे लावायचे ते मोजायला आलेली आरोग्य खात्याची बाईही तेच म्हणाली, आणि जाता जाता मागच्या पायऱ्यांवर लवकरच उतार करून घ्या असंही म्हणाली. म्हणजे चाकांच्या खुर्चीसाठी. खुर्ची हा शब्द मात्र तिने उच्चारला नाही.

"सगळे नाही म्हणायला मोकळे," नोलीन मला म्हणाली. "म्हणतात आणि आपापल्या घरी जातात. त्याच्या तोंडावर ते म्हणायचं मात्र मी."

क्लेमने भांडण केलं नाही. तो स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसायचा आणि जाहिराती वाचायचा. रोज सकाळी चहा झाला की म्हणायचा, "बघायला तर जाऊ. बघायला काय होतंय." शेवटी एका सकाळी ती हो म्हणाली. पटलं म्हणून नव्हे. रोज नाही म्हणण्यापेक्षा एकदा हो म्हणणं तिला सोपं वाटलं.

जवळच्या डेव्हनपोर्ट शहरात अवजारांच्या मोठ्या दुकानात ते गेले. विक्रेता पन्नाशीचा, गोड बोलणारा. त्याने क्लेमच्या हाताकडे एकदा पाहिलं आणि त्यानंतर जे काही बोलला ते नोलीनशीच.

"यांना घरच्या वापरासाठी हवंय का, मॅडम?"

"त्यांनाच विचारा ना," नोलीन म्हणाली.

"हो हो," म्हणत तो क्लेमकडे वळला आणि बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "तुम्हाला. छोटं. मशीन. हवंय का?"

क्लेम पुढे सरकला. समोर घडीच्या पायांवर उभी केलेली एक हलकी करवत होती. लाकूड ज्या पट्टीला टेकवून सरळ सरकवायचं ती पट्टी त्याने पकडली आणि हलवून पाहिली. पट्टी डगडगली.

"नोल," तो म्हणाला, "ही तर माझ्यापेक्षा जास्त थरथरतेय."

विक्रेत्याला हसावं की नाही ते कळेना. नोलीन हसली. बऱ्याच दिवसांनी हसली असावी, कारण नंतर तिला गाल दुखल्याची आठवण राहिली.

मग विक्रेत्याने त्यांना दुसरी दाखवली. हिचं पातं बोटाला लागताक्षणी थांबतं, म्हणाला. भिंतीवरच्या पडद्यावर त्याची चित्रफीत सुरूच होती. कुणीतरी फिरत्या पात्यात बोटाऐवजी मांसाचं सॉसेज सरकवतं, धाडकन आवाज होतो, पातं खाली जातं आणि सॉसेजला नुसता ओरखडा. महाग होती. शिवाय एकदा थांबली की आतला ब्रेक आणि पातं दोन्ही नवीन घालावी लागत. क्लेमने ते सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे मशीनने माझ्यावर पहारा ठेवायचा," तो म्हणाला. "घरात एक पहारेकरीण आहे तेवढी पुरे."

परतीच्या वाटेवर नोलीन रस्त्यावरची नजर न काढता गाडी चालवत राहिली. त्याने ते चेष्टेत म्हटलं होतं हे तिला माहीत होतं. तरी ते लागायचं तिथे लागलं.

त्यानंतरच्या आठवड्यात त्याने एक जाहिरात कापून तिच्यापुढे ठेवली. शेफील्ड गावाच्या पलीकडे एका बाईकडे नवऱ्याची जुनी करवत विकायची होती. "लोखंडी आहे. अशी आता मिळत नाही," क्लेम म्हणाला. "ती डगडगणार नाही."

नोलीनने थर्मास भरला, गोळ्या घेतल्या, त्याचे जादा कपडे घेतले आणि गाडी काढली. डोंगराच्या पायथ्याशी, बटाट्याच्या शेतांच्या मधे ते घर होतं. बाईचं नाव मर्ल. उंच, हाडकुळी, पायात रबरी बूट. नवरा वसंतात गेला होता.

शेड नीटनेटकी होती. करवत मधोमध, वरून चादर घातलेली. मर्लने चादर काढली तसा क्लेम पुढे झाला. त्या दारात त्याचा पाय अडकला नाही, हे नोलीनच्या लक्षात आलं. त्याने टेबलावर तळहात ठेवला आणि हात थरथरत असतानाच तो लोखंडावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवला. मग पट्टी सरकवली. ती जागेवर खट्‌कन बसली.

"सुरू करून बघू का?" त्याने विचारलं.

"करा की," मर्ल म्हणाली.

करवत सुरू झाली. तो आवाज नोलीनच्या ओळखीचा होता. क्लेम डोळे मिटून ऐकत राहिला आणि मर्ल बाहेर निघून गेली. नोलीन तिच्यामागे गेली. दोघी पाण्याच्या टाकीपाशी उभ्या राहिल्या.

"मला वाटलं होतं ऐकवेल," मर्ल म्हणाली. "नाही ऐकवत."

"आजारी होते का?"

"बराच काळ. शेवटी शेवटी मला वाटायचं, संपू दे आता. आणि संपलं." तिने बुटाने माती खरवडली. "आता उठायचं कशासाठी ते कळत नाही. तू झोपतेस का गं रात्री?"

अनोळखी बाईने असं एकदम 'तू' म्हणून विचारल्यावर नोलीनला रडू येईल असं वाटलं. "तुकड्यातुकड्यांत," ती म्हणाली.

"मिळतील ते तुकडे घे."

आत करवत बंद झाली. क्लेम बाहेर आला आणि त्याने मर्लचे आभार मानले. "फार चांगली ठेवलीय त्यांनी," तो म्हणाला. "पण आम्हाला नाही जमणार. हिला थ्री फेज वीज लागते, आमच्या शेडमध्ये नाहीये."

नोलीनने गाडी फाटकाबाहेर काढली, थोडी पुढे नेली आणि रस्त्याच्या कडेला उभी केली.

"जाहिरातीत लिहिलं होतं का ते? थ्री फेज?"

"होतं."

"तुला माहीत होतं."

"हो."

"मग एवढ्या लांब कशाला आणलंस मला? माझी पाठ धरलीय, क्लेम. सकाळपासून मी..." तिने ते वाक्यही सोडून दिलं.

"हात लावायचा होता," तो म्हणाला.

तिने गाडी बंद केली. शेतात फवारे फिरत होते. क्लेम म्हणाला, "मला समजतं, नोल. मी आता लाकूड ढकलू नये. डीनला वाटतं मला समजत नाही. या हाताने मी लाकूड पात्यावर सरळ नेऊ शकत नाही, मला काय माहीत नाही ते? त्या दिवशी मोटर जळाली तेव्हा मी तिच्यापुढे उभाच होतो ना नुसता. लाकूड हातात घेऊन. पुढे जायची हिंमत होत नव्हती."

"मग हे सगळं कशाला चाललंय?"

"तू ढकल. मी पलीकडून धरतो आणि सांगतो."

नोलीनने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. "माझ्यात जीव उरलाय का, क्लेम? बघ ना माझ्याकडे. अजून एक काम?"

त्याने तिच्याकडे बघितलं. "नको मग," तो म्हणाला, आणि ते इतकं साधेपणाने म्हणाला की तिला त्याचा रागही आला नाही.

घरी येऊन तिने तो विषय काढला नाही, त्यानेही नाही. तो खिडकीशी बसायचा, पण जाहिराती वाचणं थांबलं. आता तो काहीच वाचत नव्हता. सकाळी चहा झाल्यावर काही मागत नव्हता. नोलीन म्हणाली, ते जास्त जड होतं. दिवसभर ती त्याला उठ, बस, गिळ, मोठं पाऊल असं सांगत राहायची आणि तो निमूट ऐकायचा. आपण कारखान्यात परत आलोय असं तिला वाटायचं, पट्ट्यावरून काहीतरी सरकत येतंय आणि आपण त्याला हात लावतोय.

गुरुवारी त्याच्याजवळ बसायला सरकारी मदतनीस यायची. ते दोन तास नोलीनचे. एरवी ती गाडी समुद्राकाठी लावून त्यात झोपायची. एका गुरुवारी मात्र ती डेव्हनपोर्टला गेली.

तोच विक्रेता. "साहेबांनी काय ठरवलं, मॅडम?"

"साहेब नाही, मी चालवणार आहे," नोलीन म्हणाली. "बोटं माझी आहेत, तेव्हा मशीनही मी निवडीन."

तिने विचारलेले प्रश्न तिने नंतर मला सांगितले, जरा अभिमानाने. बंद करायचं बटण कुठंय? दोन्ही हात लाकडावर असताना गुडघ्याने दाबता येतं का? तिने दाबून पाहिलं. येत होतं. टेबलाची उंची किती? तिला वाकायचं नव्हतं. भुसा कुठे जातो, कारण क्लेमची छाती नाजूक. लाकूड उलटं अंगावर फेकलं जाऊ नये म्हणून पात्यामागे पातळ पाचर असते, ती काढून ठेवता येते का? येते, विक्रेता म्हणाला, बरेच जण काढतात. "मी नाही काढणार," ती म्हणाली. ताकद किती, केवढं जाड लाकूड कापतं, हे तिने विचारलं नाही. मग तिने ती हात लागताच थांबणारी घेतली. पट्टी तिचीही घट्ट बसत होती. तिने हलवून पाहिली होती.

डीनला कळल्यावर तो फोनवर ओरडला. तिने फोन टेबलावर ठेवून भांडी घासली आणि परत उचलून म्हणाली, "झालं का? मग ठेवते."

ती शिकली. पण आवडीने शिकली असं मी म्हणणार नाही. तिला आवाज सहन होत नव्हता, भुसा डोळ्यांत जायचा, गुडघे दुखायचे. क्लेम टेबलाच्या पलीकडे उंच स्टुलावर बसायचा. त्याच्या गोळीचा असर चांगला असायचा तेवढा वेळ ते शेडमध्ये जायचे.

"पात्याकडे नको बघू. पट्टीकडे बघ. लाकूड पट्टीला चिकटून जातंय का ते बघ."

"पात्याकडे नको बघू काय? पातं बोट खाईल आणि मी पट्टीकडे बघू?"

"बोट तिथे नेऊच नकोस. काठी घे ढकलायला. हां. सावकाश. थांबू नको, थांबलीस तर लाकूड जळतं. जात राहा."

"ओरडू नकोस."

"आवाज आहे म्हणून ओरडतोय. रागावलो नाहीये."

कुंपणापलीकडून मला ऐकू यायचं. गुणगुण, मग चढता सूर, मग तिचं काहीतरी पुटपुटणं. त्या तासाभरात तो सांगायचा आणि ती ऐकायची. एवढाच काय तो फरक, आणि तो दोघांनाही हवा होता असं मला वाटतं.

पहिलं मोठं काम म्हणजे मागच्या पायऱ्यांवरचा उतार. सरकारी यादीत नंबर लागायला वर्ष गेलं असतं. तो कुणासाठी आणि कशासाठी करायचा हे दोघांना माहीत होतं. क्लेमने मापं सांगितली, तिने फळ्या मागवल्या. कुजू नये म्हणून औषध मारलेलं पाइनचं लाकूड, बाहेरच्या कामाचं. ते पावसात भिजून आलं. क्लेमने एका फळीला हात लावला आणि वाळलं असेल म्हणाला.

तिसरी का चौथी फळी अर्ध्यावर आली असताना बंदुकीसारखा आवाज झाला. आमच्या घरात मी हातातली बशी टाकली. कुंपणावरून उडी मारायचं माझं वय नाही, मी रस्त्याने धावले. पोचले तेव्हा नोलीन शेडच्या फरशीवर भिंतीला टेकून बसली होती, दोन्ही हात पुढे धरून बोटं बघत. सगळी जागेवर होती. पातं टेबलाच्या आत गेलं होतं.

"ओलं होतं लाकूड," क्लेम म्हणाला. तो पांढराफटक पडला होता. "पाण्यामुळे मशीनला वाटलं हात आहे. माझी चूक. मला ओल कळली नाही बोटांना. पूर्वी कळायची."

नोलीन रडायला लागली. घाबरून नव्हे. ती रडत रडत म्हणत होती, "मी दमले रे. दमले. मला कुणीतरी उठवा आणि कुठेतरी नेऊन झोपवा." मी तिच्याजवळ बसले. क्लेम तिथून उठला. दारात त्याचा पाय अडकला. या वेळी त्याला मोठं पाऊल म्हणायला कुणी नव्हतं. तो उभा राहिला, डुलला, आणि मग स्वतःच स्वतःला मोठ्याने "काठी" म्हणाला आणि ओलांडून गेला. मी मागे जायला उठणार तर नोलीनने माझा हात धरला. "जाऊ दे त्याला."

खूप वेळाने तो परत आला. हातात कप होता. निम्मा चहा वाटेवर सांडला होता, बाही भिजली होती. तिने तो निम्मा कप घेतला आणि प्याली.

"साखर घातलीस?"

"घातली. डब्यात पडली तेवढी."

ब्रेक नवीन आणला, पातं नवीन आणलं. फळ्या माझ्या गॅरेजमध्ये पंख्याखाली वाळवल्या. उतार झाला. थोडा डावीकडे कललेला आहे, पण पक्का. पहिल्यांदा क्लेम त्यावरून आपल्या पायांनी खाली गेला आणि दोन महिन्यांनी खुर्चीतून. त्यानंतर त्यांनी माझ्यासाठी एक बाक केला, डीनला बुटांची मांडणी करून पाठवली. डीन आला होता तेव्हा शेडच्या दारात हात खिशात घालून बराच वेळ बघत उभा राहिला होता.

पुढच्या हिवाळ्यात क्लेमला घास गिळता येईना. दोनदा छातीत गेला. मग त्याला नदीपलीकडच्या शुश्रूषागृहात ठेवावं लागलं. ते ठरवतानाही नोलीनला सगळ्यांनी सांगितलं की तू खूप केलंस. सही मात्र तिनेच केली.

तो तिकडे राहायला गेल्यावर ती नुसती झोपली. दिवसच्या दिवस. मी जेवण नेऊन ठेवायचे. गावातल्या निवृत्तांच्या सुतारशाळेतली माणसं करवत मागायला आली, तिने नको म्हटलं. मला वाटलं आठवण म्हणून ठेवतेय. "छे गं," ती म्हणाली, "त्यांच्याबरोबर ती उचलून गाडीत चढवायला लागली असती. कंटाळा आला."

वसंतात एका दुपारी परत तो आवाज आला. तिने एकटीने ब्लॅकवुडच्या गडद लाकडाची एक फळी कापली, भाजी चिरायचा पाट करायला. कडा घासल्या, तेल लावलं आणि रविवारी क्लेमला दाखवायला घेऊन गेली. मीही होते. क्लेम खिडकीशी खुर्चीत होता. आता तो अगदी हळू, पुटपुटल्यासारखा बोलायचा. तिने पाट त्याच्या मांडीवर ठेवला. त्याचा अंगठा बाजूच्या कडेवरून सरकत गेला आणि एका ठिकाणी थांबला. तिथे लाकडावर जळल्याचा काळसर डाग होता.

"इथे थांबलीस," तो म्हणाला.

"हो."

"मधेच का थांबलीस?"

"दमले होते."

क्लेमने जरा विचार केला. "दम आधी घ्यायचा," तो म्हणाला. "मग सुरू करायचं."

"बरं," नोलीन म्हणाली, आणि त्याच्या गुडघ्यावरची चादर नीट केली.